कुत्र्या-मांजरांना चांगलं, नैसर्गिक खाणं : सांगली-साताऱ्यात काय घ्यावं, कसं ओळखावं?

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात दोन जीव आहेत. चिंगी ही चार वर्षांची गावठी कुत्री, वजन १७ किलो, आणि मन्या बोका, दोन वर्षांचा.

चिंगीला वर्षभर आम्ही बाजारातल्या एका दुकानातून सुटं ड्राय फूड आणत होतो. मोठं पोतं फोडून किलोवर देतात, स्वस्त पडतं. गेल्या महिन्यात तिनं वाटीला तोंड लावलं आणि तसंच मागं घेतलं. दोन दिवस हेच. मी चार दाणे बोटांनी चुरडून वास घेतला, तर तळणीच्या जुन्या तेलाचा खवट वास आला. दुकानात जाऊन विचारलं, पोतं कधीचं? कुणालाच सांगता येईना. लेबलाचा भाग फाडून केव्हाच टाकून दिलेला होता. त्या रात्री झोप लागली नाही हो. मुकं जनावर, आपण देऊ ते खातं, आणि आपण वर्षभर काय दिलं हे आपल्यालाच माहीत नाही.

मग पैसे जाऊ देत म्हणून हिरवी, पानाफुलांची चित्रं असलेली ‘नॅचरल’ पिशवी आणली. घरी येऊन चष्मा लावून मागची बाजू वाचली. पहिला घटक मका. दुसरा ‘मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स’, कोणत्या जनावराचं तेसुद्धा नाही. शेवटी खाण्याचा रंग. रंग चिंगीला कशाला हवा?

शिवाय चिंगीला सारखी खाज सुटते, शी कधी घट्ट कधी पातळ. तुम्ही विकत घेताना नक्की काय बघता? घरचं करून घातलं तर चालेल का? मन्यालाही तेच चालेल का? जाणत्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जनावरांचा_डॉक्टर (मिरज)

ताई, आधी सुट्या खाद्याबद्दल. ड्राय फूडच्या दाण्यांवर वरून चरबी फवारलेली असते, त्या वासावरच कुत्रं खातं. पोतं उघडलं की तिला हवा लागते, ती खवट होते आणि त्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात. पावसाळ्यात त्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. मका आणि शेंगदाण्यावर येणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते यकृतावर जातं आणि शिजवूनही पुरतं नष्ट होत नाही. चिंगीनं तोंड मागं घेतलं हे तिचं शहाणपण. सुटं घेणं आजपासून बंद करा.

आता ‘नॅचरल’. अमेरिकेत आफ्को नावाची खाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना आहे, तिनं या शब्दाची व्याख्या केली आहे. घटक वनस्पती, प्राणी किंवा खनिजांपासून आलेले असावेत, रासायनिक पद्धतीनं बनवलेले नसावेत. वरून घातलेल्या जीवनसत्त्वांना आणि खनिजांना त्यातून सूट मिळते. या व्याख्येत मका आरामात बसतो. ‘प्रीमियम’ आणि ‘होलिस्टिक’ यांना तर तिथंही व्याख्या नाही. आपल्याकडं लोक पिशवीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, नंबर शोधतात, पण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्ना’च्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य स्पष्टपणे वगळलेलं आहे. त्या नंबरावर जाऊ नका.

मी स्वतः पिशवी उलटी करतो आणि सगळ्यात आधी एक वाक्य शोधतो : हे खाणं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आहे का आणि कोणत्या वयासाठी. आफ्को किंवा फेडिआफ (युरोपातल्या पाळीव प्राण्यांच्या खाद्य-उद्योगाचा महासंघ) यांच्या निकषांचा उल्लेख तिथंच असतो. हे वाक्य नसेल तर तो खाऊ समजायचा, जेवण नाही.

मग घटकांचा क्रम. तो वजनानं लावतात, पण ओलाव्यासकट. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं, त्यामुळं पहिल्या नंबरावर ‘चिकन’ दिसलं तरी वाळल्यावर ते बरंच खाली जातं. उलट ‘चिकन मील’, म्हणजे शिजवून, वाळवून दळलेलं चिकन, आधीच कोरडं असतं, ते नावाला वाटतं तेवढं वाईट नाही. जनावराचं नाव लिहिलेलं असावं एवढं बघा. आणखी एक युक्ती करतात. मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचा कोंडा असे तीन वेगवेगळे घटक लिहितात, म्हणजे प्रत्येक जण यादीत खाली जातो. तिघांची बेरीज केली तर मकाच पहिला निघेल.

आयात केलेल्या पाकिटावरचे शब्दही नीट वाचा. अमेरिकन नियमानं ‘विथ चिकन’ म्हणजे ३ टक्के चिकन पुरतं, आणि ‘चिकन फ्लेवर’ला तर किमान टक्केवारीच नाही, चव लागली की झालं.

टक्के ताडून बघताना ओलावा वजा करायचा. ओल्या पाउचवर प्रथिनं १० टक्के आणि ओलावा ८० टक्के असेल, तर उरलेल्या २० भागांतले १० भाग प्रथिनं, म्हणजे कोरड्या हिशेबानं ५० टक्के. ड्राय फूडवर प्रथिनं २२ आणि ओलावा १० असेल तर तोच हिशेब २४ च्या आसपास येतो. आफ्कोची प्रथिनांची किमान मर्यादा पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला १८ टक्के आणि पूर्ण वाढ झालेल्या मांजराला २६ टक्के आहे, कोरड्या हिशेबानं.

वेण्णातीर (सातारा)

डॉक्टरांनी शेवटी मांजराचा आकडा लिहिला, तिथूनच मी पुढं लिहिते. कृष्णाकाठ ताई, मन्याला चिंगीचं खाणं घालू नका. कुत्रं थोडंफार आपल्यासारखं आहे, मांजर नाही. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याच्या अंगात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं. गाजरातल्या कॅरोटिनचं जीवनसत्त्व ‘अ’ त्याला करता येत नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय मोठं आणि ढिलं होतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे हृदयाचं कोडं सोडवलं, आणि त्यानंतर मांजरांच्या विकतच्या खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या सदर बाजारातल्या घरी आधीची मांजरी होती, ठकी. आमचं घर पूर्ण शाकाहारी. आजी तिला दूध-पोळी, दहीभात, तूप-भात घालायची, मायेनंच घालायची. ठकी पाचव्या वर्षी रात्री भिंतीला धडकायला लागली. दिवसा तिच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या असायच्या. दाखवलं तोवर नजर गेली होती आणि ती परत आली नाही. आजीनं त्यानंतर स्वतःहून सांगितलं, की मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांड आणि मांजरांना जे लागतं ते कर.

आताच्या दोघींना मी सकाळी मांजरांचंच ‘कम्प्लीट’ ड्राय फूड देते आणि संध्याकाळी उकडलेली तारली. तारली कोकणातून येते, लहान मासा, स्वस्त आणि चरबीनं चांगली. मीठ-मसाला काही नाही. कच्ची देत नाही, कारण काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असतं, ते शिजवल्यावर जातं. चिकनही कच्चं नाही. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, वाघ गेला तिथं आपल्या मांजराची काय कथा.

माणदेशी_कारवानी (जत)

आमच्याकडं तीन पिढ्या कारवानी जातीची कुत्री हायती. आजोबांच्या टायमाला पिशवी कुठली? मक्याच्या नाहीतर शाळूच्या कण्या ताकात-दुधात शिजवायच्या, वर अंडं फोडायचं, आठवड्यातनं दोनदा मटणाच्या दुकानातली वजडी. कुत्री मेंढरामागं दिवसभर पळायची. निसर्गाचंच खात हुती आणि धड हुती.

पण एक खरं सांगतो, पिल्लं लई जायची. पाय वाकडी व्हायची, पुढच्या पंज्यावर टेकून चालायची. आम्ही म्हणायचो जातच नाजूक. मागच्या येताला डॉक्टरनं फोटो काढून दाखवला, हाडं कागदागत पातळ. मुडदूस. पिल्लाला नुसतं बिनहाडाचं मटण आणि कण्या घातल्या की चुना कुठनं मिळणार? आता पिल्लांना वर्षभर पिल्लांचंच विकतचं खाणं, आणि मग घरचं. ह्या येतातली पाचही पिल्लं सरळ पायांनी पळाली. आई बघत हुती, तिला रडू आलं.

अजून एक. कारवानी बघून लोकं म्हणत्यात उपाशी ठेवलाय. ह्या जातीच्या शेवटच्या फासळ्या दिसायलाच पायजेत. आपल्या घरच्या कुत्र्याच्या फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटाला लागाव्यात. वाटी किती भरायची ते पिशवीवरच्या तक्त्यापेक्षा हाताला जास्त कळतंय.

डोंगरवाट (वाई)

मला वाटतं आपण उगाच गुंतागुंत करतोय. कुत्रा म्हणजे लांडगाच. धान्य पूर्ण बंद, कच्चं मांस आणि हाडं, एवढंच खरं नैसर्गिक. मी माझ्या लॅब्रॅडॉरला ‘ग्रेन-फ्री’च आणतो.

जनावरांचा_डॉक्टर (मिरज)

दादा, कळकळ समजते, पण लांडगा आणि कुत्रा यांच्यात हजारो वर्षांची भाकरी आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. नीट शिजलेला भात किंवा ज्वारी बहुतेक कुत्री सहज पचवतात.

ग्रेन-फ्रीमध्ये धान्य काढून त्या जागी बहुधा वाटाणा, मसूर, हरभरा घालतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, अशा खाण्यावरच्या काही कुत्र्यांमध्ये हृदयाचे स्नायू ढिले पडल्याच्या तक्रारींची चौकशी सुरू केली. खाण्यामुळंच झालं हे सिद्ध झालेलं नाही, पण तुमचा कुत्रा कित्येक वर्षं त्यावर असेल तर एकदा छाती तपासून घ्या, एवढंच म्हणेन.

हाडांबद्दल मात्र हात जोडून सांगतो, शिजवलेलं हाड देऊ नका. शिजलं की ते ठिसूळ होतं आणि टोकदार फुटतं. कोंबडीच्या नळीचा तुकडा आतड्यात घुसलेला मी या हातांनी काढलाय.

प्रीतिसंगम (कराड)

मी तीन वर्षं घरचंच करते. एकत्र शिजवून डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवते. आमचा टायगर चिंगीएवढाच आहे, १७-१८ किलोचा, म्हणून माझं प्रमाण देते. डॉक्टरांनी चुकत असेल तर सुधारावं.

दिवसाचं साधारण असं : बिनहाडाचं शिजवलेलं चिकन ३०० ग्रॅम, त्याबरोबर ३० ग्रॅम कलेजी. शिजलेला भात २०० ग्रॅम, कधी त्याऐवजी ज्वारीच्या कण्या. लाल भोपळा किंवा फरसबी १०० ग्रॅम. एक अंडं. शेवटी चमचाभर तेल. मीठ नाही, कांदा-लसूण नाही, फोडणी नाही. चिकनवाल्याला ‘टायगरचं’ म्हटलं की तो छातीचं मांस, कलेजी-पेठा वेगळा बांधून देतो, पेठाही त्या ३०० ग्रॅममध्येच धरते. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखी काढते आणि सपाट अर्धा चमचा, म्हणजे ३ ग्रॅमच्या आसपास, वरून टाकते. पीठ बोटांना कचकच लागलं तर परत फिरवते.

भोपळा घातल्यापासून शीची तक्रार नाही. कृष्णाकाठ ताई, तुम्ही तेवढं तरी करून बघा.

जनावरांचा_डॉक्टर (मिरज)

ताई, प्रमाण चांगलं आहे. या वजनाच्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या घरच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ९४० कॅलरी लागतात, तुमचं त्याच्या जवळपास बसतं. टरफलाचं तर फारच योग्य. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा दुपटीपर्यंत असावं लागतं, नाहीतर शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढून घेतं. जतच्या दादांच्या पिल्लांचं हेच झालं होतं. ३ ग्रॅम टरफलात १ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त कॅल्शियम मिळतं, टायगरला तेवढं ठीक. कलेजी ३० ग्रॅमच्या वर नेऊ नका, जीवनसत्त्व ‘अ’ जास्त झालं तर तेही बाधतं.

तरी एवढ्यानं पूर्ण होत नाही. जस्त, आयोडीन, जीवनसत्त्व ‘ड’ आणि ‘ई’ यांत कमी राहतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत एकतरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यातल्या बऱ्याच पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणून कायम घरचं घालायचं असेल तर कुत्र्यांसाठीचं व्हिटॅमिन-मिनरल पूरक डॉक्टरांना विचारून जोडा. जवळच्या दवाखान्यात समाधान झालं नाही तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सातारा-कराडकरांना सोयीचं.

द्राक्षबाग (तासगाव)

मी इथं सहसा लिहीत नाही, वाचतो. पण ‘नैसर्गिक’ हा शब्द बघून राहवलं नाही.

आमचं बेदाण्याचं शेड आहे. मार्च महिना, जाळ्यांवर माल पडलेला. शेडवर वाघ्या असायचा, सहा वर्षांचा, माझ्या पोरांबरोबर वाढलेला. जाळीतनं खाली पडलेले बेदाणे तो चाटून खायचा. आम्ही कौतुकानं बघायचो. घरच्या बागेतला माल, आपण खातो, पोरं खातात, त्याला काय होणार?

त्या दिवशी बायका मळणी करत होत्या, खाली बराच चुरा पडला होता. त्यानं पोटभर खाल्ला. रात्री दोन-तीनदा उलटी झाली, उलटीत फुगलेले बेदाणे दिसले. आम्ही म्हटलं पोट साफ झालं. दुसऱ्या दिवशी तो पाण्याच्या घमेल्यापाशी बसून राहिला, नुसतं पाणी प्यायचा. तिसऱ्या दिवशी लघवी बंद. डॉक्टरांनी रक्त तपासलं, किडन्या गेल्या होत्या. चौथ्या दिवशी पहाटे माझ्या मांडीवर गेला.

कुणी सांगितलंच नाही हो आम्हाला. अख्ख्या तालुक्यात द्राक्षं, अख्ख्या तालुक्यात शेडं, आणि प्रत्येक शेडवर राखणीला एक कुत्रं. माझी विनंती आहे, तुमच्या ओळखीत कुणाची बाग असेल तर त्याला आजच फोन करून एवढं सांगा.

वेण्णातीर (सातारा)

दादा, वाचून हात थांबले. माझ्या माहेरी पलूसला बाग आहे. भावाला फोन केला. त्यालाही माहीत नव्हतं.

जनावरांचा_डॉक्टर (मिरज)

दादांनी लिहिलं ते प्रत्येक बागाईतदारानं वाचायला हवं. द्राक्षं-बेदाण्यांमुळं कुत्र्याच्या किडन्या बंद पडतात हे बरीच वर्षं माहीत होतं, कारण कळत नव्हतं. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या विषबाधा-तज्ज्ञांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडं बोट दाखवलं. चिंचेतही तेच आम्ल असतं, चिंच खाऊन कुत्र्यांच्या किडन्यांना इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून आमटीतलं, चिंचेच्या कोळाचं काही वाटीत जाऊ देऊ नका. किती खाल्लं की बाधतं याचा भरवसा नाही, एका द्राक्षात आम्ल कमी, दुसऱ्यात जास्त. एका कुत्र्याला काही झालं नाही म्हणून दुसऱ्याला होणार नाही असं धरू नका.

खाल्लेलं कळलं की उलटीची वाट बघत बसू नका, तासा-दोन तासांत दवाखाना गाठा. पहिल्या तासांत पोट रिकामं करता येतं आणि सलाइनवर किडन्या वाचवता येतात. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मीठ स्वतःच विषारी ठरतं.

याच यादीत कांदा-लसूण येतात, शिजलेले, पावडरीतले, रश्श्यातलेसुद्धा. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजरात तर लवकरच. चॉकलेट आहेच. आणि शुगरफ्री च्युइंगममध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल, त्यानं अर्ध्या तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरते.

डोंगरवाट (वाई)

डॉक्टर, छाती तपासली, ठीक निघाली. आता धान्य असलेलं आणतोय, हळूहळू बदलतोय. कच्ची हाडं कचऱ्यात.

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहिते आहे, मधल्या काळातलं सगळं सांगायचं ठेवलं होतं.

‘नॅचरल’ पिशवी परत केली. आता ‘कम्प्लीट’ लिहिलेली आणि पहिल्या दोन घटकांत चिकनचं नाव असलेली तीन किलोची पिशवी आणते. टोकोफेरॉल घातलेलं, म्हणजे जीवनसत्त्व ‘ई’नं टिकवलेलं आहे, पण ते उघडल्यावर लवकर संपवावं लागतं असं दुकानातल्या मुलानंच सांगितलं, म्हणून मोठी पिशवी घेत नाही. पिशवी तशीच झाकणाच्या डब्यात ठेवते, बॅच नंबर दिसेल अशी. संध्याकाळी प्रीतिसंगम ताईंच्या रीतीनं घरचं, निम्म्या प्रमाणात, भोपळ्यासकट. बदल नऊ दिवसांत केला : आधी पाव भाग नवीन, मग निम्मं, मग पाऊण. पहिल्याच दिवशी सगळं बदललं असतं तर पोट बिघडलं असतं, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं.

शी आता रोज एकसारखी, उचलली तर खाली डाग राहत नाही. अंगावरची लव मऊ झाली आहे.

खाज मात्र तशीच होती. मी खाण्यालाच दोष देत बसले होते. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवली, काळे कण ओल्या कापसावर झटकले, आणि ते कण लालसर विरघळले. पिसवांची घाण. औषध लावून तीन आठवडे झाले, खाज गेली. म्हणून इथं मुद्दाम लिहिते, खाजेसाठी खाणं बदलायच्या आधी अंग तपासून घ्या.

मन्याला त्याचं वेगळं खाणं, उंच कट्ट्यावर, चिंगीचं तोंड पोचणार नाही तिथं. तारलीच्या दिवशी तो दुपारी चारपासूनच गॅसपाशी येऊन बसतो.

तासगावच्या दादा, तुमच्या शेडवर आता कोण आहे?

द्राक्षबाग (तासगाव)

ताई, वाघ्याचीच लेक आहे, म्हाळसा. दीड वर्षाची. शेडला खालून दोन फूट जाळी मारून घेतली आणि मळणीच्या दिवसांत तिला घरी बांधतो. आमच्या रस्त्याला अकरा शेडं आहेत, सगळ्यांना सांगून आलो. सात जणांनी जाळी मारली. उरलेल्या चौघांकडं रविवारी परत जाणार आहे.